वीस मिनिटं उठू नका

शांत कसं बसावं हे लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे यावं, हा आमच्या वटार गावातला एक चालू विनोद आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत पोरं पाठीमागे मला ‘फोडणी’ म्हणायची. तेल तापायचा अवकाश, की तडतडलेच. निवृत्तीच्या वर्षी रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, बाई, आता जरा श्वासाकडे बघा. मी त्यांच्यावरही चिडले. पण गेले. एका वर्गात नाव घातलं, मग शिकवण्याचं शिक्षणही पुरं केलं. डोळे मिटून बसायचं, श्वास येतो-जातो तो बघायचा, मन भटकलं की न रागावता परत आणायचं. सांगायला एवढंच. याला सजगता म्हणतात. माझा राग त्याने गेला नाही, पण तो येताना मला लांबून दिसायला लागला. एवढं माझ्यासारखीला पुष्कळ झालं.

पहिला वर्ग मी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये घेतला. रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी विचारलं, हे नेमकं काय करता? मी म्हटलं, माणसांना गप्प बसवते, शाळेत करायचे तेच. ते हसले आणि चावी दिली. मग एक ओळखीची बाई मागे लागली, की नालासोपाऱ्याला आमच्या सोसायटीत या, आमच्याकडे सगळेच ताणाने पिचलेत. म्हणून दर बुधवारी मी वटारहून बस धरायची, पूल ओलांडून रिक्षाने आचोळ्याला जायची आणि अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात वर्ग घ्यायची. तळमजल्यावरची ती खोली. एका कोपऱ्यात गणपतीचं मखर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, भिंतीला पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक, मधे बारा प्लास्टिकच्या खुर्च्या.

बारा माणसं यायची. रात्रपाळीवाले दोघं, घरून काम करणाऱ्या तिघीचौघी, दोन निवृत्त काका, बाकी गृहिणी. त्यांत एक होती पस्तिशीची, तिसऱ्या मजल्यावर राहणारी. कायम दाराजवळच्या खुर्चीवर. बसायची ती अर्धी खुर्चीवर, अर्धी हवेत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एक कागद भरायला दिला होता. ‘तुमच्या ताणाचं कारण काय?’ लोकांनी पानं भरली. हिने एकच शब्द लिहिला, ‘घर’. मला तेव्हा वाटलं, वा, किती नेमकं. विचारलं मात्र काही नाही.

गृहपाठ मी माझ्या आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ग्रुपवर टाकायची. वीस मिनिटांचा. तिसऱ्या आठवड्यात आवाजांचा अभ्यास असतो. जे कानावर येईल ते ऐकायचं, त्याच्या मागे जायचं नाही, मनात फक्त ‘आवाज’ म्हणायचं आणि श्वासाकडे परत यायचं. आता आमच्या लोकांची अडचण अशी, की कुकरची शिट्टी झाली की उठतात. बेल वाजली की उठतात. पाणी आलं की तर सगळी इमारत उठते. पहिल्या दोन आठवड्यांत एकाही माणसाचा अभ्यास सलग झाला नव्हता, आणि मला ते कळल्यावर माझं तेल तापलं. म्हणून त्या ध्वनिफितीत मी ठणकावून सांगितलं होतं: “कुठलाही आवाज येऊ दे, उठू नका. वीस मिनिटं उठू नका.” हे मूळ अभ्यासात कुठेही नाही. ते वाक्य माझं, मास्तरणीचं.

ते ऐकून ही दाराजवळची वर्गात म्हणाली होती, “बाई, माझं घरी जमतच नाही. कान सारखे दाराकडे असतात.”

मी म्हटलं, “अहो, वीस मिनिटांत घर काही पळून जात नाही.”

सगळे हसले. तिनेही हसल्यासारखं केलं. तिचे कान दाराकडे का असतात हे मी विचारलं नाही. वर्गात एकदा हशा मिळाला की शिक्षकाला वाटतं उत्तर दिलं गेलं, आणि मला तसंच वाटलं.

पुढच्या बुधवारी ती आली नाही. मे महिना होता, दहा वाजल्यापासूनच रस्ता तापला होता. मी अकराला दार लोटून घेतलं, पंखा बारीक केला आणि आवाजांचाच अभ्यास सुरू केला. सगळे छान बसले होते. फाटकापाशी टँकर घरघरत होता, कुठेतरी मिक्सर फिरत होता. मी हळू आवाजात म्हणत होते, “आवाज आहे. फक्त आवाज आहे. त्याच्या मागे जाऊ नका.”

मग जिन्यावरून हाक आली. “आई! आई!”

मी ती ऐकली. बाईचा आवाज होता, घाबरलेला. आणि मी, जिला कुणाच्या घरात काय शिजलं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही, ती मी डोळे न उघडता म्हणाले, “बाहेर आवाज आहे. नोंद घ्या. परत या.”

हाक खाली आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. चपलेचा आवाज नव्हता, अनवाणी पाय धावत होते. माझ्या अकरा विद्यार्थ्यांपैकी एकही हलला नाही. तीन आठवडे ज्यासाठी मी डोकं फोडत होते ते त्या दिवशी जमलं. किती वेळ गेला असेल? दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग दार धाडकन उघडलं आणि ती आत उभी राहिली. केस सुटलेले, ओढणी नाही. समोर अकरा माणसं डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसलेली, आणि ती दारात येईपर्यंत कुणी पापणीसुद्धा उघडली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी अजून विसरलेले नाही. तिला आमची किळस आली असावी.

“आई कुठं गेल्या?” ती म्हणाली. “कुणी बघितलं का? माझ्या सासूबाई. त्यांना काही आठवत नाही हो. दार उघडं आहे.”

तेव्हा कळलं. तिच्या सासूला विसरण्याचा आजार होता. दार उघडं दिसलं की त्या निघायच्या. माहेरी, चांदीपला, शेतावर. माहेरचं कुणी तिथे उरलेलं नव्हतं, पण त्यांच्या लेखी भात अजून उभा होता. दोनदा त्या हायवेपर्यंत जाऊन सापडल्या होत्या. म्हणून दाराला वरती वेगळी कडी बसवलेली. ती कडीही त्यांना हल्ली स्टुलावर चढून काढता यायला लागली होती. एरवी वर्गापुरती एक शेजारीण सासूपाशी बसायची; त्या दिवशी ती नव्हती, म्हणून सून वर्गाला न येता पावणेअकराला सासूला टीव्हीसमोर बसवून, आतल्या खोलीत, माझी ध्वनिफीत लावून बसली होती.

मी एवढंच विचारलं, “किती वेळ झाला?”

“माहीत नाही. वीस मिनिटं संपल्यावर मी बाहेर आले.”

वर्ग एका दमात उठला. एवढी चपळाई त्यांनी कुकरसाठीही दाखवली नव्हती. वॉचमन शपथ घेऊन सांगत होता, “इधर से कोई नहीं गया,” पण त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. तो टँकरचा पाइप धरून उभा होता आणि फाटक सताड उघडं होतं. त्याच्या शपथेला काय अर्थ? रात्रपाळीवाल्या दोघांनी आपापली स्कूटर काढली, एक हायवेच्या दिशेने, दुसरा स्टेशनकडे. काका लोक बाजाराकडे निघाले. तिने नवऱ्याला फोन लावला. तो अंधेरीला ऑफिसात, निघतो म्हणाला.

मी तळ्याकडे गेले. कारण ती म्हणाली होती, त्या दिवसभर पाणी मागतात, पेला हातात असला तरी मागतात. आचोळ्याच्या तळ्याकडे मी साठीत जेवढं पळता येतं तेवढी पळाले. ऊन डोक्यात शिरत होतं. वाटेत दिसेल त्याला विचारत होते, पांढऱ्या केसांची आजी बघितली का, हिरवं लुगडं, अनवाणी. लोक नाही म्हणत होते आणि मी त्यांच्यावर खेकसत होते, जणू त्यांनीच लपवलीये. तळ्याच्या कठड्याशी उभी राहून पाण्यावर नजर टाकली. हिरवट पाणी, निर्माल्याच्या पिशव्या, एक कुत्रं सावलीत झोपलेलं. मी वाकून वाकून बघत होते आणि मनात एकच हिशोब करत होते: त्या बाईला काही झालं, तर ती माझ्या वाक्याने मेली. श्वासाकडे बघायचं मला सुचलंही नाही. सुचलं असतं तरी श्वास होता कुठे?

तळ्याभोवती फिरून परत आले तर ती फाटकापाशी जमिनीवर बसली होती. शेजारणी पाणी देत होत्या, ती घेत नव्हती. कुणीतरी पोलीस चौकीत जा म्हणत होतं. एक शेजारीण भलतीकडेच वैतागली होती, “आणि आज लिफ्टपण वरच अडकून बसलीये. पाचवा मजला चढून धाप लागली.”

तिने मान वर केली आणि म्हणाली, “आवाज आला होता, बाई.”

“कसला?”

“कडीचा. मी मनात ‘आवाज’ म्हटलं आणि परत आले. तुम्ही सांगितलंत तसं.”

फाटकापाशी जमलेले माझ्याकडे बघायला लागले. मला तिथेच जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण बत्तीस वर्षांची सवय कामाला आली. मुलगी फळ्यासमोर रडायला लागली की मी तिला पुढची पायरी विचारायची. मी तिच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, “रडू नकोस. कडीनंतर काय ऐकलंस ते सांग. क्रमाने.”

“माहीत नाही.”

“माहीत आहे. तू वीस मिनिटं तेच करत होतीस. कडी. मग?”

ती डोळे मिटून सांगायला लागली. कडी. मग टीव्हीवरची जाहिरात. मग टँकरचा हॉर्न. मग लिफ्टची जाळी सरकली. मग लिफ्टमधली ती बाई बोलायला लागली, ‘कृपया दरवाजा बंद कीजिए’. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटपर्यंत.

“खालून येत होता तो आवाज का वरून?”

तिने डोळे उघडले. “वरून,” ती म्हणाली. “लांबून. वरून.”

लिफ्ट वर अडकली नव्हती. कुणीतरी वर जाऊन जाळी उघडी टाकली होती, म्हणून ती खाली येत नव्हती. आणि आम्ही सगळे तासभर रस्ते शोधत होतो.

सात मजले आम्ही कसे चढलो देव जाणे. मी पाचव्यावर बसून पुन्हा उठले. सातव्या मजल्यावर लिफ्ट उघडी, ती बाई अजून विनवत होती. गच्चीचं दार एरवी कुलूपबंद, त्या दिवशी टँकरचं पाणी टाकीत घ्यायचं म्हणून उघडं. कठडा कमरेइतका. ती माझ्यापुढे होती, आणि दारातून बाहेर पाऊल टाकायच्या आधी ती क्षणभर थांबली. तिला बघायचं नव्हतं. मी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं म्हटलं तरी चालेल.

आजी गच्चीच्या मधोमध उभ्या होत्या. कुणीतरी जुन्या साडीवर तांदळाच्या फेण्या वाळत घातल्या होत्या आणि आजी पदर हवेत फिरवत कावळे हाकत होत्या. तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. आम्हाला बघून त्या चिडल्या.

“किती येल लावला गो? भात वाळला. मी एकटी कोनाकोनाला हाकू?”

सुनेने धावत जाऊन त्यांना मिठी मारली. आजींना ती मिठी आवडली नाही, कावळे उतरत होते. मी जवळ गेले तेव्हा फरशीच्या धगीने माझे चपलेतले पाय चटचटले, आणि माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. तळव्यांच्या कडेने पांढरे फोड टरारले होते. एक फुटून फरशीवर ओलं उमटलं होतं. तासभर त्या तशाच उभ्या होत्या, साडीवर पाय ठेवला तर भात तुडवला जाईल म्हणून.

“आई, पाय भाजलेत हो तुमचे,” ती म्हणाली.

आजींनी खाली बघितलं. “पाय? कोनाचे?” त्या म्हणाल्या. “पानी दे.”

रात्रपाळीवाल्या एकाने त्यांना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. डॉक्टर घरी येऊन मलम लावून, पट्ट्या बांधून गेले. तीन आठवडे चालायचं नाही म्हणाले. नवरा दोनच्या सुमारास आला, घामाने निथळत. आईच्या पायांकडे बघितलं, आणि मग बायकोला विचारलं, “तू घरात होतीस ना?” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी म्हटलं, “चूक माझी आहे. मी त्यांना सांगितलं होतं, कुठलाही आवाज आला तरी उठू नका.” आणि सगळं सांगितलं, वर्गातल्या विनोदासकट. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “तुम्ही मोठ्या आहात. काय बोलणार?” आणि आईजवळ जाऊन बसला. तेही मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मी पिशवी उचलली, आणि निरोप घ्यायला स्वयंपाकघरात गेले. ती चहाचं भांडं घासत होती. घासून झालेलं भांडंच पुन्हा घासत होती. माझ्याकडे न बघता हळू म्हणाली, “बाई, तुम्ही उगाच स्वतःवर घेतलंत.”

“उगाच कसं? मीच सांगितलं होतं.”

“मला कळलं होतं.”

“काय?”

“कडी वाजली तेव्हा. आईच आहेत ते. त्या दोनदा खालीवर करून काढतात ती. मला शंभर टक्के कळलं होतं.” तिने नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. “तुम्ही फोनमध्ये म्हणत होता, उठू नका. पण मी बसले ती तुमचं ऐकून नव्हे. मला इतकं बरं वाटत होतं, बाई. मला वाटलं, जाऊ दे. जातील तर जातील.”

मला वर्गात या वाक्यासाठी उत्तर आहे. विचार येतात, विचार म्हणजे आपण नव्हे, त्याला येऊ द्यावं, जाऊ द्यावं. ते जिभेवर आलंही. पण बाहेर आजींच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या, आणि ही तिथे उभी राहून मला खरं सांगत होती. मी ते उत्तर गिळलं. तीन आठवड्यांपूर्वी जे विचारायला हवं होतं ते विचारलं.

“तू झोपतेस कधी?”

तिचे खांदे हलायला लागले. नळ चालूच होता, टँकरचं विकत घेतलेलं पाणी, आणि आमच्या दोघींपैकी कुणी तो बंद केला नाही.

मी म्हटलं, “पुढच्या बुधवारपासून वर्ग सुटला की दोन तास मी येते. आजींपाशी मी बसेन. तू आत जाऊन झोपायचं. श्वासबिस काही बघायचा नाही.” माझी ती ध्वनिफीत ग्रुपवरून मी तिथेच, तिच्यासमोर काढून टाकली.

बोलल्याप्रमाणे गेले. आजी पलंगावर, पाय उशीवर. ती आत गेली आणि पाचच मिनिटांत घोरायला लागली. मी मनाशी म्हटलं, यात काय आहे, आपण शिकलेली बाई, दोन तास सजगपणे बसू. आजींनी विचारलं, “तू कोनाची गो?” मी म्हटलं, वटारची. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. पेला ठेवला, पुन्हा मागितलं. “तू कोनाची गो?” वटारची. त्या पट्टी ओढायला लागल्या, मी हात धरला, त्यांनी मला नखं मारली. “तू कोनाची गो?” राग येताना मला नेहमी लांबून दिसतो. त्या दिवशीही दिसला. मी त्याची नोंद घेतली, श्वास घेतला, परत आले. पुन्हा दिसला, पुन्हा परत आले. नवव्या वेळी माझा आवाज असा चढला, की शेजारचं दार उघडलं.

“अहो, किती वेळा सांगू? वटारची! वटारची!”

आजींनी पदर तोंडाला लावला आणि लहान मुलीसारख्या मुसमुसायला लागल्या. आतून ती धावत आली, डोळे झोपेने सुजलेले. मी उभी होते, पेला हातात. मला तिच्याकडे बघवेना.

“चुकलं माझं,” मी म्हटलं.

तिने घड्याळाकडे बघितलं. “किती वेळ झाला, बाई?”

“पाऊण तास.”

ती हसायला लागली. मी तिला पहिल्यांदाच खरी हसताना बघत होते. हसता हसता सासूचे डोळे पुसले, पदर सारखा केला, पेला माझ्या हातातून घेऊन त्यांच्या ओठांना लावला.

“मला चार वर्षं झाली,” ती म्हणाली, आणि आत जाऊन परत झोपली.